अक्काचे खरे सेकंद

फोन आला तेव्हा सामन्याची सात मिनिटं उरली होती. विद्यानगरच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना, दोन्ही बाजू बावीस-बावीस, आणि मी वेळाधिकाऱ्याच्या टेबलापाशी. खिशातला मोबाइल थरथरला. भावजींचं नाव दिसलं. "विनायकराव, सुलू गेली," एवढंच ते म्हणाले. मी "येतो" म्हणालो, मोबाइल खिशात ठेवला आणि घड्याळ चालूच ठेवलं.

हे वाचून मी कुणाला दगडाच्या काळजाचा वाटेन. पण सुलूअक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या मावसबहिणीनं, त्याच सकाळी मला दवाखान्यातल्या खाटेजवळून हाकललं होतं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिनं तुकड्यातुकड्यांत सांगितलं, की आज फायनल आहे, तू इथं माझं तोंड बघत काय बसलायस, घड्याळ दुसऱ्याच्या हातात दिलंस तर बघ. तेव्हा ती सात मिनिटं मी टेबल सोडलं नाही. शेवटची चढाई कलघटगीच्या रेणुकाची. अक्काची शेवटची विद्यार्थिनी. एका गुणानं मागे असताना ती मध्यरेषा ओलांडून गेली, डाव्या कोपऱ्यातल्या दोघींना शिवली, तिसरीनं घोटा धरला, आणि ती पोर पोटावर घसरत, "कबड्डी-कबड्डी" तोंडात तशीच ठेवून, बोटाची दोन पेरं रेषेला लावून आली. मैदान नुसतं उसळलं. मी शिट्टी ऐकली, घड्याळ बंद केलं, आणि मग उठून टेबलाभोवतीच्या लोकांना सांगितलं की अक्का गेली. आधी कुणाला ऐकूच गेलं नाही, इतका जल्लोष चालला होता... आज सहा आठवडे झाले. अक्काची आठवण काढली की मला रडू येण्याऐवजी छाती धडधडते, सामना अगदी रंगात आल्यासारखी. तिनं आपल्या माणसांना ती सवयच लावून ठेवली होती.

सुलूअक्का हुबळीत चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती, आणि त्याहून जास्त वर्षं कबड्डीची पंच. आमच्या मराठी घरांत मुली एक तर शिक्षिका व्हायच्या नाही तर बँकेत चिकटायच्या. अक्का शिक्षिका झाली खरी, पण मैदानावरची. मावशी लोकांना सांगताना नुसतं "शाळेत असते" म्हणायची, पुढचं गिळायची. पंच म्हणून अक्काचा कान प्रसिद्ध होता. चढाई करणारीचा दम कुठं तुटला, कुणी तोंड हलवत चोरून श्वास घेतला, हे तिला शेकडो माणसांच्या गलक्यात ऐकू यायचं. अळणावरच्या एका सामन्यात एका दांडग्या पोरीला बाद दिल्यावर तिचे काका मैदानात घुसले, कन्नडमध्ये वाट्टेल ते बोलू लागले. अक्का शांतपणे म्हणाली, तुमची पुतणी तिसऱ्या पावलाला श्वास घेते, उद्या सकाळी तिला माझ्याकडे पाठवा, मी ती सवय मोडते. पोरगी खरंच आली. पुढं जिल्ह्याच्या संघात खेळली.

मी तिचा वेळाधिकारी. पाटबंधारे खात्यात कारकुनी करणारा, केशवापुरात राहणारा, कमी बोलणारा माणूस. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती म्हणायची, "विन्याला बोलायला येत नाही, म्हणून त्याला घड्याळ दिलंय." टेबलावर माझ्यापुढं एक जाड वही असायची. प्रत्येक चढाईचे सेकंद मी तिच्यात लिहायचो. नियमात एवढं लिहायची गरज नव्हती, पण हाताला सवय लागली होती.

पन्नाशीच्या आसपास अक्काच्या बोटांची पेरं सुजू लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. निदान झालं ऱ्हुमॅटॉइडचं, म्हणजे शरीरच आपल्या सांध्यांवर उठतं तो संधिवात. गोळ्या सुरू झाल्या, दर तीन महिन्यांनी सांध्यांच्या डॉक्टरांकडे फेरी सुरू झाली. पण बोटं हळूहळू करंगळीकडे झुकलीच. पंच गुण बोटांनी दाखवतो, तेव्हा मैदानावर थट्टा सुरू झाली, की अक्कांचं बोट आमच्याकडे आणि गुण त्यांच्याकडे. अक्का स्वतःही हसायची आणि गुण मोठ्यानं ओरडून सांगायची, एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत. पुढं पंचांच्या यादीतून तिचं नाव गळलं. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "हात गेले तर जाऊ देत. दम तर आहे."

आणि तिथून आमचे रविवार सुरू झाले. सकाळी साडेसहाला ती मैदानावर मध्यरेषेवर उभी राहायची, खोल श्वास घ्यायची आणि "कबड्डी-कबड्डी" सुरू करायची. मी घड्याळ दाबायचो. एका श्वासात एकतीस सेकंद. साठीला टेकलेल्या बाईचे एकतीस सेकंद, कोवळ्या पोरी तोंडात बोट घालायच्या. "गोळ्या खाणारी बाई आहे का ही, सांग विन्या," असं म्हणत ती मला शाळेच्या कोपऱ्यावर चहा पाजायची.

आता जे सांगायचं आहे ते मी दोन वर्षं घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

एका रविवारी सव्वीस भरले. अक्कानं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. तिची वाकडी बोटं कमरेवर होती आणि चेहऱ्यावर अशी काही आशा होती, की मी म्हणालो, "तीस." ती खूश झाली. मीही खूश झालो. त्यात काय मोठंसं, असं वाटलं. दोन महिन्यांनी बावीस, मी म्हणालो एकोणतीस. मग एकोणीस, मी म्हणालो पुन्हा तीस, कारण एकोणतीसनं ती जरा खट्टू झाली होती. या काळात तिला कोरडा खोकला लागला होता. मैदानावर धूळ असतेच. जिना चढताना ती मधल्या पायरीवर उभी राहून कुंड्यांची चौकशी करायची. कुंड्या कसल्या, ती श्वास घेत होती. मी ते पाहत होतो. पाहणं हे माझं काम, बोलणं नव्हे... असं मी स्वतःला समजावत होतो.

पण वहीत मात्र मी खोटं लिहू शकलो नाही. तोंडानं तीस म्हणायचो आणि घरी येऊन वहीत एकोणीस लिहायचो. असं का, ते मला आजही सांगता येत नाही. हाताला खोटं लिहायची सवय नव्हती आणि तोंडाला खरं बोलायची नव्हती, एवढंच म्हणतो.

त्यानंतरची सांध्यांच्या डॉक्टरांकडची फेरी मला अजून स्वप्नात दिसते. भावजी वकील, ते कोर्टात अडकले होते, म्हणून मी सोबत गेलो. डॉक्टरांनी बोटं पाहिली, गुडघे पाहिले आणि मग विचारलं, खोकला आहे का, चालताना दम लागतो का. हा आजार कधीकधी फुप्फुसांनाही धरतो, म्हणून छातीचा फोटो काढून घेऊ, असं म्हणत त्यांनी कागद पुढं ओढला. अक्का हसली. तिला दवाखान्याची एकही जादा चक्कर नको असायची. ती म्हणाली, "डॉक्टर, मी एका श्वासात तीस सेकंद कबड्डी म्हणते. हा माझा वेळाधिकारी, याला विचारा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. त्यांनाही हसू आलं. बरं, मग पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून त्यांनी कागद सारला. माझी ती एक मान. अक्काच्या भाषेत सांगायचं तर मी रेषेबाहेर पाय टाकलेला होता आणि मला स्वतःला ते दिसत होतं.

पुढची खेप यायच्या आतच अक्का बाजारातून येताना फाटकापाशी खाली बसली. ओठ निळसर पडलेले. भावजींनी तिला दवाखान्यात नेलं, छातीचं स्कॅन झालं, आणि छातीच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून चित्र दाखवलं. फुप्फुसाच्या खालच्या भागात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. सांध्यांवर उठलेला आजार फुप्फुसांवरही उठला होता, तिथं कडक वण तयार होत होते आणि वणातून हवा आत जात नव्हती. पण डॉक्टर एका जागी अडकले होते. हे हळूहळू झालं की एकदम, त्यांनी विचारलं. हळूहळू झालं असेल तर हा मूळ आजारच, त्याचे उपचार वेगळे. महिनाभरात एकदम झालं असेल तर संधिवाताच्या गोळीनं किंवा एखाद्या जंतूनं केलंय का, हे आधी शोधायला हवं, त्याचा रस्ता वेगळा. चित्र जुनं दिसतंय, पण त्यावर नवीनही काही असू शकतं. अक्का ठामपणे म्हणाली, "एकदम. गेल्याच महिन्यात माझे तीस सेकंद होते." डॉक्टर लिहू लागले.

माझ्या कानात गलका सुरू झाला. आता बोललो नाही तर ते चुकीच्या रस्त्यानं जातील, हे कळत होतं. मी उठलो आणि म्हणालो, "थांबा. लिहू नका. मी वही घेऊन येतो."

बाहेर पडून रिक्षा केली. केशवापूरला चला, आणि लगेच परत यायचंय. रिक्षावाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं कन्नडमध्ये विचारलं, डिलिव्हरी आहे काय साहेब. मी हो म्हणालो. तो मग हॉर्नवरून हात काढेना, बसच्या डावीकडून, म्हशींच्या मधून, एकदा तर चक्क दुकानाच्या पायरीला चाटून. आयुष्यात मी कधी एवढ्या घाईनं कुठं गेलो नव्हतो. घरी कपाटातून वही काढली, बायकोनं काय झालं विचारलं, तिला "काही नाही" म्हणालो, आणि त्याच रिक्षात बसलो. दवाखान्यापाशी उतरलो तेव्हा रिक्षावाला म्हणाला, मुलगा होऊ दे.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटला तपासून परत आले होते. मी वही त्यांच्यापुढं उघडली आणि बोललो. सगळं. कोणत्या रविवारी किती भरले आणि मी किती सांगितले. भावजी खिडकीबाहेर बघत राहिले. अक्कानं मान वर केली, आणि रागावली की ती कन्नडवर यायची तशी आली. "निज हेळो, विन्या. एष्टु?" खरं सांग, किती.

"शेवटचे तेरा," मी म्हणालो.

डॉक्टर पानं उलटत होते. एकतीस, सव्वीस, बावीस, एकोणीस, सोळा, तेरा. ही काही यंत्रावरची तपासणी नाही, असं ते म्हणाले, पण हा उतार वर्षभराचा आहे, एका महिन्याचा नाही, आणि चित्राशी जुळतो आहे. मी विचारलं, हे आधी कळलं असतं तर. आधी तपासलं असतं, आधी औषध सुरू केलं असतं, एवढं खरं, ते म्हणाले. पुढं काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यांनी माझी सुटका केली नाही आणि मला फासावरही दिलं नाही. अक्का माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "डॉक्टर, याला बाद करा."

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गोळ्या बदलल्या, नवी औषधं आली, घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. मी रोज जाऊन ओसरीत बसायचो, भावजींबरोबर चहा प्यायचो आणि यायचो. बाराव्या दिवशी फोन आला. "रविवारी ये. वही घेऊन ये. घड्याळ मला दिसेल असं धरायचं."

आणि तिथून पुढची पावणेदोन वर्षं, सांगतो, मी पाहिलेला सगळ्यात चुरशीचा सामना. फुप्फुसाच्या क्षमतेच्या तपासणीला तिला नेलं तेव्हा तिथली तंत्रज्ञ मुलगी नळी तोंडात देऊन "फुंका, फुंका, अजून अजून अजून" असं ओरडू लागली. अक्कानं नळी काढून तिला विचारलं, तू कुठल्या संघातून खेळतेस ग, आवाज चांगला आहे तुझा. मग अशी काही फुंकली, की मुलगी टाळ्या वाजवायला लागली. फिजिओथेरपिस्टनं श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम दिले, अक्कानं त्यांना सराव म्हटलं. नाकात नळी, खांद्याला पट्ट्याची छोटी टाकी, आणि अंगणात वीस पावलं जायचं, वीस यायचं. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या चिमट्यात वाकड्या पेरामुळं आकडा नीट यायचा नाही, तर तिनं कानाच्या पाळीला लावायचा मागितला आणि नर्सनं तसलाच आणून दिला. रविवारी खुर्चीत बसून कबड्डी. पहिल्या रविवारी नऊ. मी घड्याळ तिच्यापुढं धरून मोठ्यानं "नऊ" म्हणालो. दोन महिन्यांनी दहा. मग अकरा. एका रविवारी तेरा भरले तेव्हा भावजी, ज्यांनी आयुष्यात कबड्डीचा एक सामना पुरा पाहिला नव्हता, ते वकील माणूस वर्तमानपत्र टाकून उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा मोजा, विनायकराव, नोंद पक्की असायला हवी." पुन्हा मोजलं. तेराच. अक्का धापा टाकत हसत होती. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिर्ची भजी आणून खाल्ली, तिखटानं खोकला येईल म्हणून तिला अर्धंच, आणि तिनं माझ्या हातातलं उरलेलं अर्धं काढून घेतलं.

रेणुकाला तिनं त्याच खुर्चीतून घडवलं. पोरगी कलघटगीहून बसनं यायची, अंगणात चढाई करायची, अक्का डोळे मिटून ऐकायची आणि टाकीच्या सुसकाऱ्यातूनही सांगायची, चौथ्या पावलाला तुटला.

मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. एकदाच, अंगणातली पावलं झाल्यावर, पायरीवर टेकून ती स्वतःहून बोलली. "तू खोटं बोललास ते मला समजतं. तू भित्राच आहेस लहानपणापासून. पण माझ्या कानानं माझाच दम तुटलेला ऐकला नाही, ते समजत नाही." मग नाकातली नळी सारखी करून, "एकोणीस आणि तीसमधला फरक मला कळू नये? मला कळायचं नव्हतं, विन्या. तू निमित्त दिलंस."

या थंडीत छातीत संसर्ग झाला आणि तेवढा दम फुप्फुसांत उरला नव्हता. तीन दिवसांत खेळ संपला. त्या सकाळी मैदानाकडे पाठवताना ती मला शेवटी म्हणाली, की रेणुकाचं खरं सांग मला, जिंकली तर आणि हरली तर. ते सांगायचं राहून गेलं...

गेल्या आठवड्यात भावजींबरोबर सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, उरलेली औषधं परत द्यायला. कुणा गरजूला उपयोगी पडली तर पडू देत, म्हणून. दारालगतच्या बाकावर बसलो. अक्का नेहमी तिथंच बसायची, आत कोण काय बोलतंय ते ऐकू यावं म्हणून, आणि नंतर आम्हाला चालीसकट करून दाखवायची. माझ्या शेजारी धारवाडच्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, बोटं तशीच झुकलेली. सोबत सून. बाई खोकत होत्या. कोरडा खोकला, बारीक, मधे मधे. सून हळूच म्हणाली, "आई, आत खोकल्याचं काढू नका हं. उगीच फोटो काढायला लावतील, आजचा दिवस जाईल." बाई म्हणाल्या, धूळ आहे ग नुसती.

माझ्या छातीत ठोके पडू लागले. अनोळखी बाईमाणसाशी मी आपण होऊन कधी बोललेलो नाही. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, खोकल्याचं सांगा. जिना चढताना थांबत असाल तर तेही सांगा. हा आजार फुप्फुसात जाऊ शकतो."

सून म्हणाली, तुम्ही डॉक्टर आहात का. मी म्हणालो, नाही. मग काय म्हणून सांगताय. आणि भरल्या दालनात, दहा-बारा माणसांसमोर, मी म्हणालो, "माझ्या बहिणीचं मी लपवलं होतं."

तेवढ्यात बाईंचं नाव पुकारलं गेलं, त्या आत गेल्या. दार नीट लागलं नव्हतं. डॉक्टर बोटांविषयी बोलत होते, गोळ्यांविषयी बोलत होते, आणि बाई नुसत्या हं हं करत होत्या. मी बाकाची कड धरून ऐकत होतो, शेवटची चढाई ऐकावी तसा. मग बाई थांबल्या, आणि म्हणाल्या, "अजून एक आहे डॉक्टर... खोकला आहे. तीन महिने झाले. आणि जिन्यात दम लागतो."

बाहेर आल्या तेव्हा हातात स्कॅनचा कागद होता आणि कपाळाला आठ्या. माझ्यासमोर येऊन त्या म्हणाल्या, "बघा, तुमच्यामुळं लागली मागं अजून एक तपासणी. आता चार वाजेपर्यंत उपाशी बसायचं का काय? सगळ्या गावाला सांगत फिरता का असं?"

मी "हो" म्हणालो. इतक्या आनंदानं मी कुणाची बोलणी कधी खाल्ली नव्हती.